आधी पडलो की आधी चक्कर?

कोजागरीच्या आदल्या दिवशी मी एकचाकी सायकलवरून पडलो. वसुबारसेच्या सकाळी अंथरुणात कूस बदलताच छत माझ्याभोवती फिरले. भाऊबीज उलटल्यावर परभणीच्या एका रुग्णालयात कानाच्या डॉक्टरांनी त्या फिरण्याचे नाव सांगितले. या प्रसंगांस मी पुढील व्यक्तींना जबाबदार धरतो: भर रस्त्यावर सोयाबीन पसरणारे माझे शेजारी शेषराव, ते पसरू देणारी आमची ग्रामपंचायत आणि एकाच इमारतीत बसून परस्परविरोधी मते देणारे दोन डॉक्टर. या यादीत आमची सून वंदना हिचेही नाव घालावे, असा माझ्या पत्नीचा आग्रह होता. तो मी फेटाळला आहे.

मी न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. पालम तालुक्यातील आमच्या गावी राहतो. वंदना शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. शाळेच्या संमेलनासाठी तिने एकचाकी सायकल आणली आणि संमेलनानंतर ती आमच्या अंगणात पडून राहिली. भिंत धरून, मग भिंत सोडून, मी ती शिकलो. गाव हसले. मी गावाकडे लक्ष दिले नाही.

उरली होती ती उडी. हातात आसन धरून चाकाबरोबर धावायचे, उडी मारून बसायचे आणि पाय पेडलला न लावता थेट चाकाला धरणाऱ्या लोखंडी चिमट्यावर टेकवायचे. पेडल खाली मोकळे फिरतात, चाक आपल्याच वेगाने जाते. याला 'कोस्ट' म्हणतात. वंदना रोज बजावायची, "मामा, पेडलकडं बघायचंच न्हाई. पाय वर, नजर समोर." माझे पाय मात्र सवयीने पेडल शोधत आणि पेडल माझ्या नडगीवर आदळत.

त्या दिवशी पाय चिमट्यावर बसले. डांबरी उतारावर चाक निघाले. मी काहीही करत नव्हतो आणि पुढे जात होतो. बाभळी, विजेचे खांब, शाळेचे कुंपण, सगळे माझ्याभोवती हलके हलके वळू लागले.

पुढे शेषरावांचे सोयाबीन होते. मळणीयंत्रातून सुटलेल्या शेंगा आमच्याकडे रस्त्यावर पसरतात. येणाऱ्याजाणाऱ्या वाहनांच्या चाकांखाली त्या आपसूक फुटतात. म्हणून शेषराव प्रत्येक वाहनाला हात करून शेंगांवर बोलावतात. मलाही बोलावले. "येऊ द्या काका, वरूनच येऊ द्या!" मी ओरडलो, बाजूला व्हा. चाक शेंगांत शिरले आणि मी आडवा झालो. नंतर मी जाब विचारला, तेव्हा ते म्हणाले, "ट्रॅक्टर जायलाय, एसटी जायलीय. तुमच्या एका चाकाला काय झालं?"

हेल्मेट होते, म्हणून हे लिहू शकतो. डोके आपटले आणि उजव्या मनगटावर सगळा भार आला.

परभणीच्या रुग्णालयात क्ष-किरण चित्रात 'डिस्टल रेडियस फ्रॅक्चर' निघाले, म्हणजे हाताचे अंगठ्याच्या बाजूचे हाड मनगटाजवळ मोडले होते. प्लास्टर झाले. ग्रामपंचायतीस लिहायचे पत्र मला डाव्या हाताने लिहावे लागले. त्याचे उत्तर अद्याप नाही.

मग वसुबारस. कूस बदलली की घर फिरे, मळमळे. मान स्थिर ठेवली की थांबे. पुन्हा परभणी. प्रतीक्षालयात माझ्यासारखेच मान ताठ धरून बसलेले अनेकजण होते. शिपाई नाव पुकारी आणि आम्ही मान न वळवता, अख्ख्या देहासकट वळत असू.

कानाच्या डॉक्टरांनी मला पलंगावर बसवले, मान एका बाजूला वळवली आणि झपकन मागे पाडले. छत फिरले. माझे डोळे पाहून ते म्हणाले, "बिनाइन पोझिशनल व्हर्टिगो." त्यांनी समजावले ते असे: कानाच्या आत तोल सांभाळणारे बारीक खडे असतात. ते जागा सोडून भलत्या नळीत शिरले की मेंदूला वाटते, आपण फिरत आहोत. त्यांनी माझी मान क्रमाक्रमाने वळवून ते खडे परत पाठवले. त्यानंतर घर फिरले नाही. ज्यांना हा त्रास होत असेल त्यांनी घाबरू नये. उताऱ्याचा नारळ फोडण्याआधी कान तपासून घ्यावा.

एवढ्यावर मी समाधानी झालो असतो. परंतु डॉक्टर म्हणाले, "पडलात, डोक्याला मार बसला, त्याने खडे सुटले. आता बरे आहात. हाड जुळल्यावर खुशाल चालवा." मी जिना चढून हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "उलट आहे. खडे आधीच सुटले असणार, चक्कर आली म्हणून पडलात. चाकाचे नाव काढू नका." मी दोघांनाही लेखी मत मागितले. दोघांनीही मला दुसऱ्याकडे पाठवले.

पत्नीने सायकल धान्याच्या कोठीमागे ठेवून कुलूप लावले. "चक्कर तर मला यायलीय तुमचं बघून," ती म्हणाली. "दोघं एक बोलू द्या. मग देते किल्ली." वंदना मध्ये पडली. "आत्या, शेंगांवर चाक घसरलं. मी समोरच होते." पत्नी म्हणाली, "तू समोर होतीस. त्यांच्या कानात नव्हतीस."

हे वाक्य मी नोंदवून घेतले आहे. शेषरावांविरुद्ध माझी बाजू भक्कम आहे, फक्त साक्षीदार म्हणून मीच कच्चा आहे. शेंगा यायच्या आधीच बाभळी वळू लागल्या होत्या, हे मी वर लिहिले आहे आणि ते खरे आहे. मी ते सुख समजलो. इतक्या वर्षांत प्रथमच मी काही न करता पुढे जात होतो. ते सुखच होते, की खडे सरकल्याचे लक्षण होते? रोज अंगणात उभा राहून मी शाळेचे कुंपण पाहतो. ते हलत नाही.

दोन्ही डॉक्टरांचा मी ऋणी आहे. हात वळतो, घर स्थिर आहे. शेषरावांवरील तक्रारही मी तूर्त बाजूला ठेवतो. परंतु दोघांनी आमच्या गावी यावे, त्याच उतारावर, लोकांसमक्ष उभे राहावे आणि एकाच प्रश्नाचे जाहीर उत्तर द्यावे. चाक आपोआप निघाले आणि बाभळी वळू लागल्या, त्या क्षणी मी आजारी होतो काय? होय किंवा नाही, एवढेच सांगावे.