तीनदाच

लालबागच्या आमच्या चाळीत भोंगेकाकांएवढा मोठा आवाज कोणाचा नव्हता, आणि तो इतका जपून वापरणाराही दुसरा कोणी नव्हता. हे नाव चाळीनेच गिरणीच्या भोंग्यावरून त्यांना दिले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात घोषणा तेच देत. एक घोषणा तीनदा; मग पन्नास पावले मुकाट्याने चालत.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. मला ते अपुरे वाटे. "काका, दम संपला काय?" मी एकदा भर मोर्चात खिजवले.

मोर्चा पांगल्यावर त्यांनी मला परळच्या नाक्यावर उभे केले. "भाकरी म्हण. म्हणतच रव."

मी म्हणत राहिलो. हळूहळू पीठ गेले, तवा गेला. ओठांची नुसती उघडझाप उरली.

"वास येता?"

"नाही."

"घोषणेचा तसाच आसा. चौथ्यांदा तोंड बोलता, माणूस नाय."

पुढे गोळीबारात त्यांचा दत्ताराम गेला. एकुलता एक मुलगा. शोकसभेतला वक्ता अर्धा तास 'हुतात्मा, हुतात्मा' करीत राहिला. एवढ्या वेळात दत्तारामचे नाव एकदाही आले नाही. त्याला ते ठाऊकच नव्हते, आणि बाप समोर बसलेला असताना विचारण्याची तसदीही त्याने घेतली नव्हती. त्या माणसाला मी आजतागायत क्षमा केलेली नाही. वर तोच म्हणाला, "आता काका घोषणा देतील."

काका उठून व्यासपीठावर गेले. पुढे केलेला ध्वनिक्षेपक त्यांनी बाजूला सारला आणि जेवायला हाक मारावी तसे म्हणाले, "दत्ताराम."

"अमर रहे!" मैदान गरजले.

काका गोंधळले. हात वर करून त्यांनी लोकांना थांबवले. "दत्ताराम," ते पुन्हा म्हणाले.

"अमर रहे!"

तिसऱ्यांदा तो आवाज फाटला. "अरे, माझो झील मेलो रे!"

"अमर रहे!"

मी पहिल्या रांगेत होतो. तिन्ही वेळा ओरडणाऱ्यांत मीही होतो. काकांनी माझ्याकडे पाहिले आणि ते खाली उतरले. त्यानंतर त्यांनी घोषणा दिली नाही.

राज्य मिळाले त्या दिवशी चाळ त्यांना बोलवायला गेली. त्यांनी दार उघडले नाही. म्हणून मला पुढे केले. मी तीनदा घोषणा दिली आणि थांबलो.

"काय, दम संपला काय?" मागून एकजण ओरडला.

मी मागे जाऊन त्याच्या थोबाडीत मारली. विशीतलाच पोरगा होता.