अबोल माणूस आणि एक चादर बिबड्या

रविवार, १२ एप्रिल. काम : गच्चीवर बिबड्या (ज्वारीचे पापड) घालणे आणि उरलेल्या वेळात मंगलचं लग्न जमवणे.

मंगल माझी धाकटी बहीण. तिचा घटस्फोट झालेला, माझे यजमान गेलेले. त्यामुळे धुळ्यात, देवपूरच्या माझ्या घरात, आम्ही दोघी नव्याने सुरुवात करत होतो. (भांडणं मात्र जुनीच.)

तिला दोन स्थळं आली होती. धरणगावचे मास्तर अखंड बोलायचे. नशिराबादचे वसंतभाऊ अजिबात बोलायचे नाहीत. मंगलला मास्तर आवडले.

"हसवतात गं, अक्का!"

तिला हसायला येतं हेच मी विसरले होते. अशा वेळी शहाण्या बाईने पेढे आणावेत. मी कादंबरी वाचली!

मंगलचीच होती ती. जुन्या विलायती प्रेमकथेला आजचे कपडे घातलेले. दोन बहिणींचं घर सुटतं, त्या परक्या गावी नवा संसार मांडतात. थोरली समंजस, धाकटी हळवी. (थोरलीचं वर्णन मला फार पटलं.) त्यात गोडबोल्या निघतो लबाड आणि कोपऱ्यातला मुका निघतो सोन्याचा! मी, जिने आयुष्यभर भाजीवाल्याच्या शब्दावरही विश्वास ठेवला नाही, त्याच दिवशी मास्तरांना परस्पर नकार कळवून टाकला.

आणि वसंतभाऊंना थेट गच्चीवर बोलावलं. कादंबरीत नायक नायिकेला काम करताना बघतो आणि विरघळतो, म्हणून!

मंगल ज्वारीचा गरम घाटा ओल्या चादरीवर पळीने पसरत होती. मास्तरांपायी रडून डोळे सुजलेले. वसंतभाऊ खुर्चीत.

"प्रवास ठीक झाला ना?" मी.

"हं."

"वाचनाची आवड आहे का?" मंगलने विचारलं.

"हं."

"बघ, किती खोल माणूस!" मी तिच्या कानात म्हटलं.

"अक्का, त्यांचा गाल बघ."

गाल फुगलेला होता. मी तो संकोच समजत होते! तेवढ्यात खोल माणूस उठला, कठड्याकडे निघाला, पण पोचला नाही. तंबाखूची लालभडक पिचकारी चादरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. दोन दिवस भिजवलेली ज्वारी, सकाळपासूनची मेहनत, बठ्ठं गेलं!

तोंड मोकळं झाल्यावर त्यांना वाचा फुटली.

"घर कोणाच्या नावावर शे?"

मी त्यांना जिना दाखवला. मंगल पळी हातात धरून तिथेच बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"अक्का, माझं एक माणूस होतं. तेही तू पुस्तकात बघून घालवलंस."

मी निमूट ती चादर धुवायला घेतली. (माझ्या बाबतीत ही बातमीच.)

दुसऱ्या दिवशी सकाळी लाज गुंडाळून ठेवून मी मास्तरांना फोन लावला. स्पीकरवर. बाजूला मंगल. मी माफी मागितली, सगळा दोष पदरात घेतला. अखंड बोलणारा माणूस गप्प!

शेवटी म्हणाले, "ताई, मी अजूनही तयार आहे. फक्त एकच विचारतो, राग मानू नका. लग्नानंतर तुम्ही आमच्याकडे राहायला नाही ना येणार?"

मी तोंड उघडायच्या आत मंगल ओरडली, "नाही येणार!"