कलाकाराच्या रकान्यात माझं नाव

फोन ह्यांच्याच नंबरवरून आला, म्हणून मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "आता काय विसरलात?" असं एकदम विचारलं. वैजापूरला चुलतदिरांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. सकाळी निघताना हे एकदा चष्म्यासाठी आणि एकदा आहेराच्या पाकिटासाठी गल्लीच्या टोकावरून परत आले होते, त्यामुळे माझा प्रश्न काही चुकीचा नव्हता. पण पलीकडून आवाज आला तो चुलतदिरांचा. "वहिनी, जरा ओंकारला फोन द्या." ओंकार, आमचा मुलगा, पुण्याला नोकरीला असतो, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. मी तसं म्हटलं, तरी ते पुन्हा तेच म्हणाले, "ओंकारला द्या ना वहिनी..." तेव्हा मी मिक्सर बंद केला. पूजा आटोपल्यावर हे मांडवात खुर्चीवर बसले, पंगतीला चला म्हणून कुणीतरी हाक मारली, आणि हे उठलेच नाहीत. भेटायला येणारे सगळे म्हणत होते, नशीबवान माणूस, काही त्रास झाला नाही. नसेल झाला त्यांना. मला झाला, अजून होतोय, आणि कुणी नशीबवान म्हटलं की माझं डोकं फिरतं.

दिगंबर त्यांचं नाव. सबंध नोकरी वाळूजच्या एका कंपनीत, स्टोअर खात्यात गेली. बजाजनगरमधलं आमचं दोन खोल्यांचं घर पुढं वरती वाढलं तेही त्याच नोकरीवर. स्टोअर म्हणजे नट, बोल्ट, बेअरिंग, पट्टे. प्रत्येकाला जागा, प्रत्येक जागेला चिठ्ठी. ही सवय घरात यायला वेळ लागला नाही. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना ह्यांनी चिठ्ठ्या लावल्या होत्या, आणि मी त्या धुवून काढल्या होत्या. जिरं कुठं आणि मोहरी कुठं हे मला हाताला कळतं, चिठ्ठी कशाला? ह्यावर हे नुसते हसले. आमच्या घरात भांडण एकाच बाजूनं व्हायचं. दुसरी बाजू हसायची. त्यानं मी आणखी चिडायची.

रिटायर झाल्यावर ह्यांच्या बरोबरीचे लोक सकाळी फिरायला जायला लागले, कुणी देवळाच्या कमिटीवर गेले. ह्यांनी ओंकारचा जुना कॉम्प्युटर पुसून घेतला आणि त्याच्यासमोर ठाण मांडलं. घरातल्या झाडून सगळ्या कॅसेटी, सीडी, लग्नांची शूटिंगं, कॉलनीतल्या गणपतीसमोर झालेले कार्यक्रम, सगळं त्या कॉम्प्युटरमध्ये भरायचं आणि नीट लावून ठेवायचं, असं ह्यांच्या मनानं घेतलं. सुरुवातीला वायर जोडायची माहिती नव्हती. मग टेपसमोर माइक धरून रेकॉर्डिंग करायचे. तासाची कॅसेट असेल तर तासभर घरात कुणी बोलायचं नाही! मला हे जमणार होतं काय? सासूबाईंच्या आवडीचं एक भजन आहे त्यात, मध्येच कुकरची शिट्टी होते आणि मागोमाग माझा आवाज येतो, "अहो, कानात काय बोळे घातलेत का? गॅस बंद करा!" ओंकारनं सांगितलं, बाबा, हे पुन्हा करा. ह्यांनी केलं नाही. बरं आहे की, म्हणाले.

मग ह्यांना तो गाणी लावायचा प्रोग्रॅम सापडला. मीडिया प्लेअर म्हणतात त्याला. त्यात गाणी आणि व्हिडिओ नुसते वाजत नाहीत, त्यांची रांगेनं मांडणी होते. गाण्याचं नाव, अल्बमचं नाव, साल, आणि आर्टिस्ट, म्हणजे कलाकार, असे रकाने असतात. कॅसेटवरून घेतलेल्या गाण्याला काहीच माहिती नसते, मग तिथं आपोआप ‘अननोन आर्टिस्ट’ असं पडतं. रिकामा रकाना दिसला की स्टोअरच्या माणसाचा हात शिवशिवणारच. सकाळी चहा झाला की हे बसायचे, ते जेवायला हाक मारेपर्यंत. मी केर काढत असायची, पोछा मारत असायची, तिथून म्हणायची, पाय उचला. हे पाय उचलायचे, डोळे स्क्रीनवरच. बायको घरात चालती-फिरती आहे, हिच्याकडं एकदा बघावं... पण नाही. मी कधी त्या स्क्रीनकडं वाकून बघितलं नाही. मला एका जागी बसून गाणं ऐकणं आयुष्यात जमलेलं नाही, आणि ते काय लिहितात ह्यात मला काडीचा रस नव्हता.

तेरावं झाल्यावर ओंकारनं तो कॉम्प्युटर उघडला. म्हणाला, आई, बाबांचं सगळं फोनवर घेतो, पुण्याला नेतो. दोन मिनिटांनी बघते तर हा पोट धरून हसतोय! घरात अजून फोटोला हार आहे आणि पोरगं हसतंय, म्हणून मी लाटणं हातात घेऊनच बाहेर आले. "आई, हे बघ," म्हणाला, "बाबांनी आर्टिस्टच्या रकान्यात काय लिहिलंय." एका जुन्या कव्वालीचा कलाकार: बाबूलाल इस्त्रीवाले. एका भावगीताच्या कलाकार: कुलकर्णी काकू. लग्नाच्या वरातीतल्या बँडच्या व्हिडिओची कलाकार: शेवंताबाई. शेवंताबाई म्हणजे करमाडहून आमच्या गल्लीत भाजी घेऊन यायच्या त्या. गायक नाही, वादक नाही, ते गाणं ज्याला आवडायचं त्याचं नाव! आयुष्यभर एवढा चोख माणूस, आणि इथं एवढा साधा रकाना कळला नाही? मीसुद्धा हसले. त्या दिवसांत पहिल्यांदाच हसले असेन.

मग आम्ही एकेक नाव उघडत बसलो. माने म्हणून ह्यांच्या खात्यातले एक होते, ते गेले. त्यांच्या नावावर लावण्या. सासूबाईही गेल्या, त्यांच्या नावावर भजनं, शिट्टीसकट. बाबूलाल गावाकडं परत गेला. कुलकर्णी काकू लेकाकडं नागपूरला गेल्या, जायच्या आधी चहाला आल्या होत्या तेव्हा ह्यांनी विचारलेलं मला आठवतं, "काकू, तुमचं गाणं कोणतं?" काकू लाजल्या होत्या. शेवंताबाईंचे गुडघे गेले तेव्हा शेवटची भाजी द्यायला आल्या, तर त्यांनाही तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "मला कशाचं गाणं सायेब, बँड लई आवडतो." म्हणून मग बँड. ओंकारच्या नावावर तर केवढं! बालवाडीतली बडबडगीतं, गॅदरिंगचा नाच, कॉलेजात असताना दार लावून ऐकायचा ती धांगडधिंगा गाणी.

"माझं काढ," मी म्हटलं.

ओंकारनं माझं नाव टाईप केलं. काही आलं नाही. ‘आई’ टाकून बघितलं. ‘सौ.’ टाकून बघितलं. माहेरचं नाव टाकलं. "असेल गं कुठंतरी," म्हणाला. त्याचा चेहरा बघून मला कळलं की नाहीये. इस्त्रीवाल्याचं आहे, भाजीवालीचं आहे, आणि ज्या बाईनं जन्मभर डबा करून दिला तिचं नाही! मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि लाटत होते ती पोळी तशीच टाकून देऊन नवीन कणीक मळायला घेतली. कशासाठी, कुणास ठाऊक.

ओंकार पुण्याला गेला. त्यानंतरचे दिवस कसे गेले ते काय सांगू... बसवत नव्हतं. कपाटं उघडायची, बंद करायची. वाळत घातलेले कपडे ओलेच काढून आणायची. दिवसातून कितीदा तरी तो कॉम्प्युटर चालू करायची आणि नावांची ती रांग वरून खाली, खालून वर बघायची. मला कॉम्प्युटरचं काही येत नव्हतं, पण रागानं माणूस लवकर शिकतं. आणि एकच आठवायचं. ह्यांनी सगळ्यांना विचारलं, तुमचं गाणं कोणतं. मला कधीच विचारलं नाही. एकदाही नाही. आता विचारायला माणूस नाही आणि भांडायलाही नाही. फोटोसमोर उभी राहून मी ह्यांना चांगलं खडसावलं एकदा. फोटोतही हसतच होते. ह्या माणसाच्या लेखी आपण नक्की कोण होतो, हे जर एवढ्या वर्षांनी कळत नसेल, तर संसार केला म्हणजे काय केलं? असले विचार यायचे. ते चूक म्हणा की बरोबर, पण यायचे.

शेवटी शकीलभाईंना बोलावलं. शकीलभाई मागच्या गल्लीत राहतात, ह्यांच्याच बरोबर स्टोअरला होते, आणि ह्यांच्याशेजारी बसून गाणी ऐकणारा एकमेव माणूस. त्या दिवशी ओंकारही सुट्टीला आलेला होता. शकीलभाई आले, खुर्चीच्या कडेवर बसले. मी चहाचा कप ठेवता ठेवताच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना? सगळ्यांची नावं आहेत. माझंच का नाही?"

त्यांनी चहाला हात लावला नाही. म्हणाले, "भाभी, माझं तरी कुठंय?"

मी ओंकारकडं बघितलं. त्यानं शोधलं. खरंच नव्हतं. हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. ह्यांचा सगळ्यांत जवळचा दोस्त, रोज संध्याकाळी इथं बसणारा, त्याचं नाव नाही.

"मी एकदा म्हणलो ना त्याला," शकीलभाई म्हणाले. "म्हणलो, यार दिगू, सगळ्यांचं करतो, माझ्या नावाचं पण करून टाक ना. तर लई भडकला. तुम्ही कधी त्याला भडकलेला बघितला का? मी बघितला. म्हणला, कुठं निघालास काय? जायची घाई झाली का तुला?" त्यांनी स्क्रीनकडं बोट केलं. "भाभी, स्टोअरमध्ये चिठ्ठी लावून रॅकवर काय ठेवतात? जे वापरात नाही ते. मशीनवर फिरतंय त्याला कोण चिठ्ठी लावणार? जो गेला, दुनिया से गया या कॉलनी से गया, त्याचं नाव लिहायचा तो. अल्ला का शुक्र है, माझं नाही लिहिलं. तुमचं कायकू लिहील? तुम्ही तर इथंच होत्या, पाय उचला म्हणत."

मला आधी रागच आला. म्हटलं, "म्हणजे मी काय मशीनचा पार्ट?" शकीलभाई घाबरून म्हणाले, "नक्को नक्को भाभी, तसं नाही..." आणि मग माझं तोंड वाकडं झालं, आणि मी पदर तोंडाला लावून रडले. तेरा दिवसांत सगळ्यांसमोर रडले नव्हते, ते तिथं रडले. गाणं विचारलं नाही ते आता कळलं. निघणाऱ्याला विचारायचे हे. मी कुठं निघालेच नव्हते.

ओंकारनं पुन्हा आपलं नाव टाईप केलं. म्हणाला, "पण माझं आहे." मी त्याच्याकडं बघितलं. तो स्क्रीनकडंच बघत होता. "मी पुण्याला गेलो त्याच्यानंतर केलंय का हो काका त्यांनी?" शकीलभाईंनी मान हलवली. "तुला बसवर सोडून आला ना, तेव्हा घरी पण नाही गेला आधी. माझ्याकडं आला. म्हणला, चल, पोराची कॅसेट शोधायचीय." ओंकार उठून गच्चीवर गेला. मी त्याला थांबवलं नाही. हा सारखा म्हणायचा, आई, पुणं काय लांब आहे, पाच तासांचा रस्ता. ह्यांना तो पाच तासांचा वाटलेला नव्हता.

तो खाली आला तोपर्यंत शकीलभाईंनी एक गाणं लावलं होतं. जुनं, खरखरणारं, अर्ध्यातून सुरू होणारं. हे दाढी करताना त्याचीच पहिली ओळ म्हणायचे, दुसरी त्यांना कधीच यायची नाही. मला ते ऐकताच ओळखू आलं. रकान्यात ‘अननोन आर्टिस्ट’. तसली पुष्कळ आहेत त्यात, ढीगभर, ज्यांना ह्यांनी कुणाचंच नाव दिलं नाही. रोज सकाळी ह्या घरात वाजायची ती सगळी तिथं आहेत. मी केर काढताना वाजायची ती, शकीलभाई आले की लागायची ती. मी त्यांना कधी गाणी म्हणून ऐकलंच नव्हतं.

"हे बाबांचं," ओंकार म्हणाला. त्यानं डोळे पुसले होते. "काका, हे बाबांच्या नावावर करू ना? आता त्यांचंही करायला पाहिजे." शकीलभाईंनी खाली मान घातली. नियमानं बरोबर होतं. ओंकारनं त्या रकान्यावर बाण नेला, दाबलं, जुनी अक्षरं पुसली गेली. टाईप करायला लागला. दि...

मी त्याचा हात धरला. जोरातच धरला असेन, कारण तो "आई गं" म्हणाला.

"पूस ते," मी म्हटलं. "होतं तसं करून ठेव."

"अगं पण आई, सगळ्यांचं आहे..."

"कुठं गेलेत ते? उगीच नाव घालू नको त्यांचं. राहू दे इथंच... आमच्यात."