कलप

बावीस वर्षं दुसऱ्यांचे केस काळे करता करता ताईच्या हातांची सालटं निघाली. दोन खुर्च्यांचं तिचं पार्लर. आधी बोटांच्या बेचक्यांत नुसती खाज यायची, मग भेगा पडल्या, आणि पुढे पापण्या नि गालही सुजायला लागले.

उपाय सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. एकीने वांगी बंद करायला लावली, दुसरीने अंडी, सासूने मासे. ताईने सगळं सोडलं. अंगातली ताकद गेली, खाज काही गेली नाही.

शेवटी पार्लरात हाताशी असणाऱ्या धाकट्या जावेनेच तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासणीसाठी पाठीवर वेगवेगळ्या रसायनांच्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवसांनी त्या काढल्या, आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाठ पाहिली. एकाच जागी लाल फोड आले होते.

"कलपातल्या रसायनाची ॲलर्जी आहे. खाण्याचा काही संबंध नाही."

"पण इतकी वर्षं हेच करतेय मी. तेव्हा कसं काही झालं नाही?"

"शरीर सोसतं सोसतं आणि एक दिवस नाही म्हणतं. मलमाने आराम पडेल, पण कलपाला आता हात लावायचा नाही."

कलपाचं काम जावेने घेतलं, जाड हातमोजे घालून. ताई केस कापण्यापुरती उरली. दीड महिन्यात हात निवळले, पण गाल काही बरे होईनात. डॉक्टरीणबाईंनी साबण विचारला, क्रीम विचारलं, मग म्हणाल्या, "घरात कोण कलप लावतं?"

ताईने मान खाली घातली. जाऊ खुदकन हसली. "भाऊजी लावतात. केसांना नि मिशांनाही."

कलप बंद करायचा हे ऐकून नवरा दोन दिवस फुगून बसला. "आत्ताच म्हातारा करतेस मला."

"दिसा म्हातारे. मी थकले आता खाजवून खाजवून."

तिसऱ्या दिवशी दुपारी, पार्लर रिकामं असताना तो आपणहून खुर्चीत येऊन बसला. हातमोजे चढवून ताईने मशीन फिरवलं. मिशाही उतरवल्या. काळी टोकं खाली पडली. त्याचे केस इतके पांढरे झाले होते हे तिलाही ठाऊक नव्हतं. दोघं आरशात बघत राहिली.

महिन्याभरात गाल बरे झाले. आता कुणी कलपासाठी आली की ताई सांगते, आधी कानामागे थोडासा लावून दोन दिवस थांबा. बहुतेक जणी ऐकत नाहीत. वाद घालण्याइतका जीव तिच्यात उरलेला नाही. ती खुर्ची जावेकडे वळवते आणि कात्री पुसत बसते.