कुंपणाबाहेरचा रानगुलाब

झुराकान जन्माचीच भित्री. चुलीतली राख ओलांडणार नाही, उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, सुनेच्या पोटाचं कुणी कौतुक केलं की दृष्ट नको म्हणून लगेच थुंकणार. नारीनकडच्या त्या उंच गावात सफरचंदसुद्धा थंडीने मरतं. हिच्या बागेत रानगुलाब मात्र डोक्याइतका उंच वाढला होता. झऱ्याकाठचा फुटवा तिनेच आणून लावलेला. त्याला ना खत लागलं ना पांघरूण. आयुष्यात धीटपणे केलेली ही एकच गोष्ट असावी.

तीच अंगलट आली. एका सकाळी झऱ्यावर टेकडीवरच्या मजारचे, पीराच्या थडग्याचे, राखणदार बेयशेन आके सहज म्हणाले, "हा झराही मजारचाच बरं का. इथली काडी नेली तरी घराला भोवतं."

झुराकानची बादली कलंडली. झाड लावल्यानंतरच सुनेची, आयजमालची, दोन बाळं पोटातच दगावली होती. आता तिसऱ्याचे दिवस भरत आले होते.

"आणि समजा, कुणी नेलेलं परत आणून लावलं तर?"

"आता, ऐन फुलोऱ्यात? उपटलं की मेलंच. मग मजारचं झाड मारल्याचं पाप वेगळं." आके हसले. "का हो एजे, कुणी नेलंय का?"

"मला काय माहीत," म्हणत ती घराकडे सुटली.

ठेवावं तर चोरी, उपटावं तर हत्या. तिची पाचावर धारण बसली. शेवटी पहार घेऊन ती कुंपणाचे खांबच उपटायला लागली. झाड मजारला नेता येत नाही, तर जमीनच मजारला देऊन टाकावी. बटाट्याच्या वाफ्यातून तिने नवं कुंपण घातलं आणि झाड बाहेर ठेवलं.

"अपा, जमीन कुणाला वाटताय?" आयजमाल पोट सावरत बाहेर आली.

झुराकानने तिच्याकडे न बघता सगळं सांगितलं, दोन बाळांचंही. आता सून आपलं तोंड पाहणार नाही, अशी तिची खात्रीच होती.

आयजमाल कुंपणाला वळसा घालून गेली आणि काटे चुकवत तिने फांद्या बाजूला केल्या. आत बुंध्याला निळी चिंधी होती, बायका मजारवर नवसाला बांधतात तशी.

"दुसरं गेलं तेव्हा बांधली," ती म्हणाली. "झरा मजारचा, हे मला ठाऊक होतं. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही. टेकडी चढवत नव्हती, तर याच्याकडेच मागितलं. त्यानंतर हे पोट राहिलं."

"आणि मी त्यालाच बाहेर काढलं." झुराकानने पहार पुन्हा उचलली.

"राहू दे बाहेर. आपण जाऊ की."

झुराकानने डोक्यावरच्या रुमालाचा काठ फाडला. निळ्या चिंधीशेजारी ती बांधायला गेली, पण काट्यांत गाठ बसेना. ती आयजमालने मारून दिली.

"काय मागितलंत, अपा?"

"आधी तू," झुराकान म्हणाली. "मग बाळ."