गिलाव्याखालची भिंत

शाळेची रस्त्याकडची भिंत मी गिलावा मारून बुजवली, आणि कुणी सांगितलं असं विचारल्यावर 'संस्थेनं सांगितलं होतं' असं खोटं बोललो. आमचे चित्रकलेचे गंगाधर सर जाऊन दीड महिना झाला. विष्णुपुरीहून त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी दहावीच्या वर्गावर होतो. फळ्यावरचं उदाहरण अर्धंच राहिलं… आणि पहिली आठवण आली ती या खोटेपणाची. तेव्हा त्यांच्याविषयी लिहायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी.

सर मूळचे उमरीचे. भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातलं एक गाव नव्या जागेवर वसलं. तिथल्या पत्र्याच्या शाळेत आम्ही दोघं एकाच आठवड्यात रुजू झालो, मी गणिताला आणि ते चित्रकलेला. पोरं बोलायची नाहीत. कागद दिला तर कोराच परत करायची. एके सकाळी सर त्यांना जुन्या गावाच्या ढिगाऱ्यावर घेऊन गेले आणि म्हणाले, "आपापल्या घरातला एक तुकडा आणा. कसला बी चालंल." कुणी कपाचा कान आणला, कुणी बांगड्यांच्या काचा, कुणी देवघराची फरशी. दिगंबर नावाच्या पोरानं निळ्या बशीचा अर्धा तुकडा आणला. त्या बशीतून त्याची आई चहा प्यायची, आणि आई भूकंपाच्या पहाटे गेली होती. शाळेची पक्की इमारत झाली तेव्हा सरांनी हे सगळे तुकडे पोरांच्याच हातांनी रस्त्याकडच्या भिंतीवर ओल्या सिमेंटात बसवून घेतले. आपला तुकडा कुठं हे दाखवताना पोरं बोलायला लागली.

पुढे लातूरच्या क्लासेसचं वारं आमच्यापर्यंत आलं. आईबाप बोर्डात आलेल्या पोरांची नावं विचारूनच शाळा ठरवू लागले. दरवर्षी जानेवारी लागला की मी सरांचा तास मागायचो. ते हसून द्यायचे. "घ्या गणितवाले. आमचा रंग काय, रविवारी बी वाळतो." मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. मग गुणवंतांच्या फलकाला जागा हवी झाली. रस्त्यावरून दिसणारी भिंत ती एकच होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत सर उमरीला गेले असताना मी ती एका दुपारीत बुजवून घेतली आणि वर नावं रंगवली. सर परतले, बराच वेळ भिंतीसमोर उभे राहिले. "कुणी सांगितलं हे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, संस्थेनं. ते "बरं" म्हणाले आणि वर्गावर गेले. त्या जानेवारीतही त्यांनी मला तास दिले.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी बार्सिलोनाला मुलीकडे गेलो. उज्ज्वला तिथं वास्तुकला शिकते. लहानपणी माझ्याबरोबर शाळेत येऊन ती सरांच्याच पायाशी बसायची. एक पूर्ण दिवस तिनं मला शहर दाखवलं. माशाच्या खवल्यांसारखं छप्पर असलेलं घर, रंगीत कौलांच्या छताखालची मंडई, भिंतीभिंतींवर फुलं आणि पानं. मी पर्यटकासारखं "छान, छान" म्हणत होतो. दुपारी टेकडीवरच्या बागेत गेलो. तिथं नागमोडी लांबच लांब बाक आहे, सगळा फुटक्या फरश्यांचा आणि बश्यांचा. एक बाई गुडघ्यावर बसून बारीक ब्रशानं एकच तुकडा साफ करत होती. आम्ही पाणी पिऊन, बसून, उठेपर्यंत तिचा तो तुकडा झाला नव्हता. मला माझी ती एक दुपार आठवली.

उज्ज्वलानं तिथूनच सरांना व्हिडिओ कॉल लावला. विष्णुपुरीत मुलाकडे ते खाटेवर पडून होते. "हळू फिरव की गं," ते म्हणाले. "बापासारखी लई घाई तुला." बाक सगळा बघून झाल्यावर म्हणाले, "गणितवाल्यांना म्हणावं, हात लावून बघा. ऊन खाऊन गरम झालं असंल." मी हात लावला. गरम होतं. फोन माझ्याकडे आला तेव्हा माझ्या तोंडून एवढंच निघालं, "तब्येत कशी आहे, सर?"

परतल्यावर विष्णुपुरीला गेलो आणि सांगून टाकलं, संस्थेचं नाव खोटं होतं, भिंत मीच बुजवली.

"ठाऊक हाय," सर म्हणाले. "गिलावा कुणाकडून करून घेतला तुम्ही? दिगंबरकडून. गवंडीकामाला नवाच लागला होता, तुम्हाला न्हाई म्हणता आलं न्हाई त्याला. उमरीला येऊन रडला माझ्याजवळ."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी सांगता, वाट बघून राहिलो होतो."

मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हातानं थांबवलं. "मला कशाला? तुकडे काय माझे होते? ज्यांचे होते त्यांना सांगा."

सांगतो म्हणालो. दिवाळीनंतर माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. एव्हाना मी शाळेचा मुख्याध्यापक झालो होतो; तासभर बोललो, निकालांवर बोललो, आणि हे सोडून सगळं बोललो. सरांनी फोनवर विचारलं, "झालं का?" मी म्हणालो, पुढच्या वेळी… पुढच्या वेळी सर नव्हते.

शोकसभा शाळेच्या अंगणात झाली. ती पोरं आता चाळिशीची, काहींचे केस पांढरे झालेले. दिगंबर शेवटच्या रांगेत बसला होता. माझ्या खिशात लिहून आणलेलं भाषण होतं, त्यात सरांच्या निष्ठेवर चार परिच्छेद होते. ते मी काढलं नाही. फलकाजवळ गेलो आणि रंगवलेल्या नावांवर हात ठेवला. गिलावा उन्हानं तापला होता.

"याच्याखाली तुमच्या घरातले तुकडे आहेत," मी म्हणालो. "दिगंबर, तुझ्या आईची बशी आहे. संस्थेनं काही सांगितलं नव्हतं. मी बुजवले, तुझ्या हातानं बुजवून घेतले, आणि सरांशी खोटं बोललो. माझं चुकलं. तुम्ही सगळे मला माफ करा."