फाल्त्समधली पाद्यपूजा

२०१७च्या ईस्टरच्या सुट्टीत, एका गुरुवारी सकाळी आमची गाडी जर्मनीतल्या एर्लांगेनहून निघाली, तेव्हा मागच्या सीटवर माझे सासरे अप्पा कानटोपी घालून ताठ बसले होते. पुढे बसा म्हटलं तर म्हणाले, "छे छे, निखिलराव, मी आहे तिथं बरा आहे." मिरजेच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेला हा माणूस जावयाला मात्र काचेच्या भांड्यासारखा जपतो.

सहल ठरली ती माझ्या बायकोच्या, मृणालच्या हट्टानं. सासूबाई गेल्यावर वर्षभर अप्पा फ्लॅटमध्ये एकटे राहत होते. मोठ्या मिनतवारीनं तीन महिन्यांच्या व्हिसावर ते इथे आले, आणि तिसऱ्याच आठवड्यात परतीची भाषा सुरू झाली. "लेकीच्या घरी फार दिवस राहू नये. ईस्टर झाला की तिकीट अलीकडचं करून द्या, निखिलराव." मृणाल रडली, भांडली, अप्पा ढिम्म. मध्यंतरी टीव्हीवर आमिश लोकांचा एक कार्यक्रम त्यांनी मन लावून पाहिला होता. घरात वीज नाही, दारात मोटार नाही, साधे काळे कपडे आणि घोडागाडी. "शहाणी माणसं आहेत," असा शेराही दिला होता. मृणाल म्हणाली, "तिकडे नेऊ या त्यांना. मन रमलं तर राहतील."

शोधायला लागलो तर कळलं, जर्मनीत आमिश उरलेलेच नाहीत! मूळचे इकडचेच, पण फार पूर्वी बहुतेक सगळे अमेरिकेला गेले. मागे राहिले ते आपल्या भाऊबंदांत, म्हणजे मेनोनाइट या ख्रिस्ती पंथात मिसळून गेले. पश्चिमेला फाल्त्स (द्राक्षमळ्यांचा एक प्रांत) इथे अशाच एका मेनोनाइट शेतकऱ्याच्या घरी खोल्या भाड्यानं मिळत होत्या. फोनवर मालकीणबाई हिल्डे म्हणाल्या, "आल्झो (तर मग), गुरुवारीच या. अमेरिकेचे आमिश पाहुणे आलेत आमच्याकडे."

गावाजवळ मोबाइलनं आम्हाला थेट एका द्राक्षमळ्यात नेऊन सोडलं. दोन्ही बाजूंना वेली, पुढे खांब. दुसरा कोणी गाडी चालवत असता तर अप्पांनी त्याचा उद्धार केला असता. मला म्हणाले, "रस्ताच चुकीचा बांधलाय." मी उलट गाडी घेत घेत घामाघूम झालो.

हिल्डेंच्या अंगणात दोन अवाढव्य ट्रॅक्टर होते आणि कोठाराच्या छपरावर सौर पॅनेल. आमची सात वर्षांची इरा हिरमुसली. "वो जिंट दी फेर्डं?" (घोडे कुठे आहेत?) तेवढ्यात कोठारातून अमेरिकेचे पाहुणे, आमोस, बाहेर आले. पांढरी दाढी, मिशी साफ, पँटला गॅलस. विमानात बसायला त्यांच्या पंथात मनाई, म्हणून नवराबायको चक्क बोटीनं आले होते. ते आणि हिल्डे जुन्या फाल्त्सी बोलीत मनसोक्त गप्पा मारत होते. मला त्यातलं निम्मं कळलं. आम्हाला रोज जर्मन शिकवणारी इरा कुजबुजली, "पापा, दस इस्ट काइन डॉइच!" (हे जर्मन नाहीच!)

दुपारी ग्रुंबेरेचं (बटाट्याचं) सूप आणि दांपफ्नूडल होतं. हा वाफवलेला लुसलुशीत पाव, तळाला खारट, खरपूस पापुद्रा. अप्पांनी आधी तो उलटापालटा करून पाहिला, मग तीन खाल्ले.

संध्याकाळी आम्ही त्यांच्या प्रार्थनाघरात गेलो. पांढऱ्या भिंती, लाकडी बाकं, एकही मूर्ती नाही की चित्र नाही. ईस्टरआधीच्या गुरुवारी येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून आमिश मंडळी आजही एकमेकांचे पाय धुतात. या गावानं ती प्रथा कधीच सोडली होती. पाहुण्यांसाठी आज ती पुन्हा करायची होती. "तुम्ही नुसतं बघा, नाहीतर सामील व्हा," हिल्डे म्हणाल्या आणि मृणाल-इराला बायकांच्या खोलीत घेऊन गेल्या.

पुरुषांच्या खोलीत खुर्च्या, कोमट पाण्याची तसराळी, टॉवेल. शेजाऱ्यानं शेजाऱ्याचे पाय धुवायचे. माझे शेजारी अप्पा.

"अप्पा, इथे पाय धुतात. आपण नुसतं बघू," मी म्हटलं.

पण अप्पांनी बाह्या सरसावल्यासुद्धा. "बघायचं काय त्यात? हे मला येतं. बसा तुम्ही."

पाय धुवायचे म्हणजे जावयाचे, याविषयी त्यांच्या मनात शंकाच नव्हती! लग्नात मधुपर्काच्या वेळी धुतले होतेच की. मी बूट काढले आणि उजव्या मोज्यातून अंगठ्यानं सगळ्यांना दर्शन दिलं. अप्पांनी तिकडे काणाडोळा केला, माझे पाय निगुतीनं धुतले, बोटांच्या बेचक्या टिपल्या आणि "झालं" म्हणून बाह्या खाली करायला लागले. तेव्हा आमोसनी त्यांना रिकामी खुर्ची दाखवली.

"आता मी तुमचे धुवायचे," मी म्हटलं.

अप्पा दोन पावलं मागे सरले. "भलतंच! मुलगी दिली त्या घरून काही घ्यायचं नसतं. पाणीसुद्धा नाही. आणि सेवा?"

सगळे आमच्याकडे बघायला लागले. म्हातारबुवा पाय दाखवायला लाजताहेत, असा आमोसचा समज झाला असावा. त्यांनी दिलासा म्हणून आपला ठेचलेला, वाकडा अंगठा वर करून दाखवला. कानटोपीतले अप्पा त्या अंगठ्याकडे बघतच राहिले. मी ओठ चावून हसू दाबलं. मग आमोस सावकाश काहीतरी बोलले. हिल्डेंच्या नवऱ्यानं ते मला शुद्ध जर्मनमध्ये सांगितलं आणि मी मराठीत.

"ते म्हणतात, दुसऱ्याचे पाय धुणं सोपं असतं. आपले धुवून घेणं अवघड. म्हणून दोन्ही करायचं."

अप्पांनी उरलेली बाही खाली केली. मग खुर्चीत बसले आणि स्वतःच मोजे काढले. एकावर एक दोन जोड, लोकरीचे.

त्यांच्या टाचांना खोल भेगा होत्या. वर्षभर या पायांना कोणी तेल लावलं नसेल, हे एकदम मनात आलं आणि मी त्या टाचा ओंजळीत धरून हळूच धुतल्या.

"पाणी गार नाही ना?" मी विचारलं.

"नाही," ते छताकडे बघत म्हणाले. "बरं वाटतंय."

उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. दहा वर्षांत त्यांनी माझ्याकडून पाण्याचा ग्लासही मागून घेतला नव्हता. तो भार मला फार आवडला.

शुक्रवारी दुपारी एर्लांगेनला परतलो. आमिश लोक पाहायला गेलो होतो आणि एकुलत्या एका आमिश जोडप्याला भेटून आलो. तरी सहल फसली असं कोणाला वाटत नव्हतं, घोडे न दिसलेली इरा सोडून. गाडीत तिकिटाचा विषय कोणी काढला नाही. घरात शिरल्यावर मात्र मृणालला राहवेना.

"अप्पा, मग तिकीट कधीचं करायचं?"

"राहू दे आहे तेच," अप्पा म्हणाले. "लेकीच्या घरी फार राहू नये, हे मी आजही म्हणतो. पण मुलाच्या घरी राहायला काय हरकत आहे?"

मृणालचे डोळे भरून आले, आणि दुसऱ्याच क्षणी ती फणकारली. "वा! आणि या घराचा मीटफेरट्राग (भाडेकरार) माझ्या नावावर आहे, त्याचं काय?"

"असू दे की," अप्पा शांतपणे म्हणाले. "तूही राहा."